कारखान्याचा रकाना

आमच्या नगर जिल्ह्यात नेतृत्व म्हटलं की आधी साखर कारखाना डोळ्यांपुढे येतो. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी १९५०च्या सुमारास लोणीला शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा केला. तेव्हापासून कारखाना, जिल्हा बँक, बाजार समिती, शिक्षणसंस्था याच पायऱ्यांनी माणूस मोठा होतो, असं इथे धरून चालतात. मला मात्र निर्णय कसा घ्यावा, घेतलेला कसा निभवावा आणि हाताखालच्या माणसाच्या पाठीशी कसं उभं राहावं, हे पाथर्डी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेतल्या अर्धवेळ ग्रंथपाल बाईंनी शिकवलं. त्यांचं नाव इथे देत नाही. आपलं नाव छापून आलेलं त्यांना कधीच रुचलं नाही. पण माझ्यावर त्यांचं ऋण आहे, आणि ते बोलून दाखवायला मी आधीच उशीर केला आहे.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. नगरला बी.ए. झाल्यावर मी ग्रंथालयशास्त्राचा प्रमाणपत्र वर्ग केला. ड्यूईचं दशांश वर्गीकरण शिकले, तालिकीकरणाची कार्डं लिहायला शिकले, रंगनाथनांची पाच सूत्रं तोंडपाठ केली. नोकरीच्या अर्जात अनुभव विचारत आणि अनुभव हवा तर कुठे तरी उमेदवारी करणं आलं. ओळखीतल्या एका शिक्षकांनी ही शाळा सुचवली. पगार नव्हता. सकाळच्या एसटीने करंजी घाट ओलांडून जायचं आणि दिवेलागणीला परत यायचं.

शाळेचा पट हजाराच्या आत. तेवढ्या पटाला पूर्णवेळ ग्रंथपालाचं पद मिळत नसे, अर्धवेळच मिळे. म्हणजे पगार अर्धा. काम मात्र कुठे अर्धं होतं? बाई परिपाठाला हजर असत, त्या शेवटची घंटा होईपर्यंत. ग्रंथालय म्हणजे एक वर्गखोली, भिंतीला लागून लोखंडी कपाटं, मधे दोन लांब टेबलं आणि कोपऱ्यात दाखल नोंदवह्यांचा गठ्ठा. शाळेत ग्रंथपालाची जागा तशी अवघड असते. शिक्षक त्याला आपल्यातला धरत नाहीत आणि कार्यालयही आपल्यातला धरत नाही. वेळापत्रकात हक्काचा तास नसतो. एखादे सर रजेवर असले की तेवढा वर्ग 'ग्रंथालयात बसवा' म्हणून पाठवला जातो. अशा जागी बसलेला माणूस बहुधा कुलपाचा आधार घेतो. पुस्तक बाहेर गेलं नाही तर हरवत नाही आणि हरवलं नाही तर पगारातून वसुली होत नाही. आमच्या बाईंनी त्या कुलपांच्या किल्ल्या नववीच्या मुलींकडे देऊन टाकल्या होत्या.

मी रुजू झाले त्या सुरुवातीच्या दिवसांतलीच ही गोष्ट. मधली सुटी होती. देवघेवीच्या टेबलावर नववीतली एक मुलगी रजिस्टर उघडून बसलेली. एक ज्येष्ठ सर आले, कपाटातून जाडजूड कादंबरी काढून तिच्यापुढे ठेवली आणि नोंद करायला सांगितलं. तिने पान उलटलं, त्यांच्या नावाखालच्या ओळींवरून बोट फिरवलं आणि उभी राहून म्हणाली, "सर, तुमच्याकडं आधीची चार पुस्तकं आहेत. ती आली की देते." सरांनी बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीपाशी फाटक्या पुस्तकांना खळ लावत बसल्या होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "सर, देवघेव तिच्याकडं आहे." सर काही न बोलता गेले. दुसऱ्या दिवशी चारांतली तीन पुस्तकं शिपाईमामांच्या हाती परत आली.

मला वाटलं होतं, बाई उठतील, "अगं, सर आहेत, दे त्यांना" म्हणतील. मी तसं विचारलंही. "अगं," त्या म्हणाल्या, "आज मी तिचा निर्णय फिरवला असता, तर उद्यापासून ती प्रत्येक पोराला 'बाईंना विचारून सांगते' म्हणाली असती. मग त्या टेबलावर मीच बसायचं ना?" त्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या शिक्षकखोलीत गेल्या आणि त्या सरांशी बराच वेळ बोलल्या. काय बोलल्या ते मला सांगितलं नाही, त्या मुलीलाही नाही. सरांच्या मनातली अढी मुलीच्या गुणपत्रिकेपर्यंत पोचू नये, ही तजवीज बाईंची होती. अधिकार सोपवणारे मी पुढे पुष्कळ पाहिले. सोपवल्यानंतर त्याची झळ समोरच्याला लागू नये म्हणून असं गुपचूप जाऊन बसणारे फार थोडे.

सुटीच्या दिवशीही त्यांनी मला मोकळं सोडलं नाही. "नगरचं जिल्हा वाचनालय १८३८ सालचं आहे," त्या म्हणाल्या, "तिथं जा आणि नुसती उभी राहून बघ. देवघेवीवरचा माणूस कुणाला नाही म्हणतो आणि कसं म्हणतो, तेवढंच बघ." नगरमध्येच सावित्रीबाई फुले मिस फरार यांच्या संस्थेत अध्यापनाचं शिक्षण घ्यायला आल्या होत्या. या गावात शिकाऊ म्हणून वावरायला मिळतंय हे काही थोडं नाही, असं बाई मला दोन-तीनदा तरी म्हणाल्या असतील.

मुख्याध्यापकांना सगळी शाळा मोठे सर म्हणे. त्यांच्याकडे नुसता प्रश्न घेऊन जायला बाईंची सक्त मनाई होती. टिपणीत 'पुढे काय करावे, मार्गदर्शन व्हावे' हे वाक्य त्यांना अजिबात चालत नसे. त्यांचं म्हणणं असं की मार्गदर्शन मागितलं की कागद फायलीत पडून राहतो. मोठ्या सरांपुढे बांधकाम, संस्थेची बैठक, शिक्षणाधिकारी कार्यालयाची पत्रं असा ढीग असतो. आपण काय करणार, का करणार, पैसे कुठल्या खात्यातून आणि बिघडलं तर जबाबदार कोण, हे आपणच लिहायचं आणि खाली 'मान्यतेस्तव सादर' लिहायचं. मग त्यांना हो किंवा नाही, एवढंच ठरवावं लागतं. जबाबदार कोण, या ओळीपुढे बाई न चुकता 'ग्रंथपाल' असं लिहीत. मी त्यांच्याकडे असताना त्यांच्या टिपण्या मोठ्या सरांच्या टेबलावर अडकून पडलेल्या मी पाहिल्या नाहीत.

आता उसाची गोष्ट सांगायला हवी. तिच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

क्षेत्रफळात आमचा जिल्हा राज्यात सर्वांत मोठा आणि एकाच जिल्ह्यात दोन मुलूख. उत्तरेला प्रवरा-गोदावरीचं पाणी, कालवे, ऊस, कारखाने. दक्षिणेला पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत हा अवर्षणाचा पट्टा. दसरा-दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू होतो आणि या पट्ट्यातून, शेजारच्या बीडमधून माणसं ऊसतोडीला निघतात. कुणी बैलगाडीने, कुणी ट्रकने, कुणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. काही उत्तर नगरलाच जातात, काही सांगली-कोल्हापूरकडे, काही कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत घरी परतता येत नाही. पोरं बरोबर जातात. धाकटी आईवाचून राहत नाहीत म्हणून आणि थोरल्या मुली त्या धाकट्यांना सांभाळायला म्हणून. दिवाळीची सुटी संपून शाळा भरली की बाकं ओकीबोकी दिसत.

आणि शाळेचा रिवाज असा, की दिवाळीच्या सुटीआधी मुलांकडची झाडून सगळी पुस्तकं जमा करून घ्यायची. ज्यांना पुढचे पाच-सहा महिने वाचायला दुसरं काहीच मिळणार नव्हतं, नेमकं त्यांच्याच हातातून पुस्तक काढून घ्यायचं. त्या वर्षी आठवीतल्या एका मुलीने पुस्तक टेबलावर ठेवलं, पण हात काही वर उचलला नाही. "बाई, पाडव्याच्या नंतर आणून दिलं तर चालंल का?" बाई म्हणाल्या, "उद्या सांगते." मुलगी गेल्यावर माझ्याकडे वळल्या. "तू सांग, काय करायचं?"

मी म्हणाले, द्यावं. "द्यावं हे मलाही वाटतं. वाटण्यावर टिपणी होत नाही. रजिस्टरं काढ." मागच्या काही वर्षांची देवघेव रजिस्टरं काढून आम्ही दोघी संध्याकाळपर्यंत बसलो. परत न आलेली पुस्तकं कुणाच्या नावावर आहेत, एवढंच शोधायचं होतं. बहुतेक पुस्तकं मोठ्या माणसांच्या नावावर निघाली. शाळेतल्या, शाळेबाहेरच्या, बदलून गेलेल्या, सन्मानाने नेलेल्या. मुलांच्या नावावर फार थोडी, आणि त्यांतही ऊसतोडीच्या वस्तीवरची क्वचितच. बाईंनी कुणावर टीका केली नाही. एका कोऱ्या कागदावर दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि खाली रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ग्रंथमित्र मुलांना बोलावलं. प्रत्येक वर्गातली दोन-दोन मुलं या कामाला नेमलेली असत. एक मुलगा स्पष्टच म्हणाला, "मग आमच्या वाटची पुस्तकं जातील. आम्ही काय वाचायचं?" बाईंनी त्याला गप्प केलं नाही. नगरजवळच्या हिवरे बाजारात ग्रामसभेने विंधनविहिरीच्या पाण्यावर शेती करायची नाही, ऊस लावायचा नाही असं ठरवलं आणि गावाने ते पाळलं. ठरवताना गाव हजर होतं म्हणून पाळलं गेलं, असं बाई सांगत. त्यामुळे त्या मुलाचं म्हणणं पुरतं ऐकून घेतलं गेलं. किती पुस्तकं द्यायची यावर बराच खल झाला. शेवटी एका मुलीने तोड काढली. प्रत्येकाला दोनच द्यायची, पण एका टोळीत आपली चार पोरं असली तर आठ पुस्तकं होतात, ती त्यांनी आपसांत बदलायची. ते सगळ्यांना पटलं, त्या मुलालाही.

कुठली पुस्तकं द्यायची हे बाईंनी माझ्यावर सोपवलं. मी जुनी, थोडी फाटलेली बाजूला काढायला लागले तशा त्या म्हणाल्या, "फाटकी पुस्तकं हाती द्यायची आणि जपा म्हणायचं, हे बरं नाही. चांगली दे." मग मी वेगळ्या अंगाने विचार केला. कोपीत, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, वीज नसते. वाचायचं ते चुलीच्या उजेडात किंवा फडात भावंडांना सांभाळताना. तेव्हा टाईप मोठा हवा, गोष्टी सुट्या सुट्या हव्यात, मधेच उठावं लागलं तरी धागा तुटायला नको. चित्रांचीही काही हवीत, म्हणजे शेजारी बसलेल्या धाकट्याला दाखवता येतील. शाळेच्या यादीवरून निवडायला मी वर्गात शिकले होते. वाचणारा कुठे बसून, कुठल्या उजेडात वाचणार आहे, त्यावरून पुस्तक निवडायला त्या दिवशी शिकले.

खताच्या गोणीच्या आतल्या प्लास्टिकच्या पिशव्या मुलांनी घरून धुऊन आणल्या, त्यांत पुस्तकं बांधली. बाईंनी रजिस्टरच्या उजवीकडे पट्टीने एक नवी रेघ ओढली आणि वर लिहिलं, 'कारखाना'. नाव, वर्ग, दाखल क्रमांक आणि आता कारखाना. कुठल्या टोळीत, मुकादम कोण, हेही त्याच रकान्यात बारीक अक्षरात. एरवी हजेरीपटावर या पोरांपुढे नुसते गैरहजेरीचे शेरे पडत. आमच्या रजिस्टरात ती कुठे आहेत ते लिहिलेलं होतं.

टिपणी मी लिहिली, बाईंनी सही केली. मोठ्या सरांनी ती दोनदा वाचली. "आणि परत नाही आली तर?"

"शेवटच्या ओळीत लिहिलंय, सर."

सरांनी शेवटची ओळ पाहिली. 'गहाळ झाल्यास जबाबदारी ग्रंथपालाची.' पेन उघडलं, 'ग्रंथपालाची' हा शब्द खोडला, वर 'शाळेची' असं लिहिलं, शेजारी आद्याक्षरी केली आणि मग खाली सही. बाई "बरं" म्हणाल्या आणि आम्ही निघालो. व्हरांड्यात आल्यावर त्यांनी तो खोडलेला शब्द मला पुन्हा दाखवला. "लक्षात ठेव. आपण जबाबदारी घेतली म्हणून त्यांनी घेतली. आपण टाळली असती तर त्यांनीही टाळली असती."

पाडवा झाला, उन्हं तापली, टोळ्या परतू लागल्या. पुस्तकं आली. चुलीच्या धुराचा वास धरलेली, काहींना सांगलीकडच्या वर्तमानपत्राची कव्हरं घातलेली, एकात खुणेला उसाचं वाळलेलं पातं. एका मुलाचं पुस्तक दुसऱ्याच टोळीतल्या बाईने आणून दिलं. तिच्या मुलाने ते वाचायला मागून नेलं होतं आणि तो आमच्या शाळेचाही नव्हता. सगळी काही परत आली नाहीत. एका कुटुंबाची कोपी जळाली, त्यात पुस्तकंही गेली. बाईंनी त्यांच्याकडे पैशाचा विषय काढला नाही. शेऱ्याच्या जागी लिहिलं, 'कोपीस आग. निर्लेखनासाठी सादर.' आणि त्या मुलाला त्याच दिवशी नवं पुस्तक दिलं.

पुढे बी.लिब. करताना मी रंगनाथनांविषयी नीट वाचलं. गणित शिकवणारा हा माणूस १९२४ साली मद्रास विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला आणि १९३१ साली त्यांची पाच सूत्रं ग्रंथरूपाने आली. त्याच वर्षी तंजावर जिल्ह्यात मन्नारगुडीला बैलगाडीतून गावोगाव पुस्तकं नेणारं फिरतं ग्रंथालय सुरू झालं होतं, त्यालाही त्यांचा आशीर्वाद होता. ते वाचताना मला पाथर्डीहून निघालेल्या बैलगाड्या आठवल्या. भांडी, कोंबड्या, कोयते यांच्यात कुठे तरी ती खताची पिशवी असायची. आणखी एक गोष्ट पुढे कळली. केंद्र सरकारच्या २००५च्या सामान्य वित्तीय नियमांत हजार पुस्तकांच्या देवघेवीमागे पाच पुस्तकं गहाळ होणं वाजवी मानलं आहे, त्यात अप्रामाणिकपणा किंवा हयगय नसली म्हणजे झालं. शाळेला तो नियम थेट लागू होत नाही. पण पुस्तक वापरायचं तर थोडं हरवणारच, हे सरकारनेही कागदावर मान्य केलं आहे, ते प्रत्येक मुख्याध्यापकाला माहीत असावं.

निर्लेखनाचंही, म्हणजे निकामी पुस्तकं नोंदीतून कमी करण्याचंही, बाईंचं असंच होतं. कालबाह्य झालेली गाइडं, वाळवीने खाल्लेले खंड कपाटं अडवून वर्षानुवर्षं पडून राहतात. "ठेवल्याबद्दल कुणी जाब विचारत नाही, काढल्याबद्दल विचारतात, म्हणून कुणी काढत नाही," त्या म्हणत. दर उन्हाळ्यात यादी करायच्या, समितीपुढे ठेवायच्या, मंजुरी घ्यायच्या आणि कपाट रिकामं करायच्या.

एका बाबतीत मात्र माझं बाईंशी कधी जमलं नाही. साऱ्या शाळेसाठी धडाडीने निर्णय घेणाऱ्या या बाई स्वतःच्या अर्धवेळ पदाविषयी गप्प राहिल्या. राज्यभरातले अर्धवेळ ग्रंथपाल पूर्णवेळ होण्यासाठी अर्ज करत होते, निवेदनं देत होते, मोर्चे काढत होते. बाई म्हणत, "मला पुरतं." त्यांना पुरत असेल. पण अर्ध्या पगारात पूर्ण दिवस राबणारी बाई शाळेला फुकट मिळाली की पुढच्या बाईलाही तेच पदरात येतं. हे मी त्यांना तोंडावर बोलले होते, अजूनही माझं मत तेच आहे. मी नोकरीला लागले तेव्हा संघटनेत नाव घातलं, अर्ज केले, टिपण्या लिहिल्या. त्यांनीच शिकवलेल्या पद्धतीने, शेवटी 'मान्यतेस्तव सादर' लिहून.

२०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं निघाली, शिक्षण हमी कार्ड आलं. तरी टोळ्यांबरोबर जाणारी मुलं संपलेली नाहीत. माझ्या शाळेच्या देवघेव रजिस्टरात उजवीकडचा तो रकाना मी पहिल्या वर्षीच आखून घेतला आणि किल्ल्या नववीच्या मुलांकडे असतात. वसुलीची नोटीस मला आजवर कुणी काढलेली नाही.

वाचकांपैकी जे पालक आहेत त्यांना एक सांगणं आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टींची पुस्तकं हवीत, असं लिहिलं आहे. ती मुलांच्या हाती देणाऱ्या ग्रंथपालाचा त्यात उल्लेख नाही. पुढच्या पालकसभेला जाल तेव्हा ग्रंथालयात पुस्तकं किती, हे विचारू नका. त्याचं उत्तर देणारं रजिस्टर तयारच असतं. गेल्या महिन्यात किती पुस्तकं मुलांच्या घरी गेली आणि ती द्यायची की नाही हे कोण ठरवतं, हे विचारा. उत्तर मिळालं नाही, तर शाळेला पूर्णवेळ ग्रंथपाल मिळावा असा ठराव तिथल्या तिथे मांडा आणि त्यावर पहिली सही तुमची करा.